९९.९ टक्क्यांत घरचेही आले!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असे साबणाच्या वेष्टनावर ठळक छापलेले असते. कोणत्या जंतूंचा, हे कुणी सांगत नाही. आपल्या त्वचेवर जन्मापासून वस्ती करून असलेले जीवाणूही त्यात धरले आहेत काय?

हातांवरच्या जीवाणूंमध्ये ‘कायमचे रहिवासी’ आणि ‘येणारे-जाणारे’ असा भेद फिलिप प्राइस या शल्यचिकित्सकाने १९३८ मध्येच केला होता. रहिवाशांपैकी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस जवळपास प्रत्येकाच्या अंगावर सापडतो. त्याचाच भाऊबंद स्टॅफिलोकॉकस ऑरियस गळवे करतो, जखमा चिघळवतो. भाऊबंदकी इथेही आहेच! एपिडर्मिडिसचे काही प्रकार असे पदार्थ सोडतात, की ऑरियसला पाय रोवता येत नाहीत. मुरमांपायी बदनाम झालेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेससुद्धा त्वचेवरचे तेल फोडून स्निग्धाम्ले तयार करतो. त्वचा किंचित आम्लधर्मी राहते ती काही अंशी यामुळेच, आणि ते अनेक रोगजंतूंना मानवत नाही. साबणाची वडी मात्र अल्कधर्मी.

अमेरिकेतील सॅन दिएगोच्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळले, की एक्झिमाच्या रुग्णांच्या त्वचेवर ऑरियसला मारणारे जीवाणू फार कमी असतात. त्यांनी रुग्णांच्याच अंगावरचे थोडेफार उरलेले असे जीवाणू वाढवले, मलमात मिसळून परत त्यांनाच लावले, तेव्हा ऑरियसची संख्या घटली. औषध रुग्णाच्या अंगावरच होते, फक्त अपुरे!

या रहिवाशांना देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. शिरेत घातलेल्या नळीवरून किंवा कृत्रिम सांध्यावरून हाच एपिडर्मिडिस शरीरात शिरला, तर कुंपणच शेत खाते. जेवणापूर्वी आणि शौचानंतर हात धुणे सोडा, असेही मी म्हणत नाही. साध्या साबणाने मुख्यतः येणारे-जाणारेच निघून जातात, रहिवासी बऱ्याच अंशी टिकतात. आक्षेप आहे तो दिवसभर जंतुनाशके चोळण्याला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ रसायने घरगुती जंतुनाशक साबणांत वापरण्यास मनाई केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता. वेष्टनावर तेवढ्याच ठळक अक्षरांत हेही छापायला हरकत नसावी.

– एक वाचक