काकू, पंचमीला पावणेचारची भरती होती

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे गो" म्हणून स्वयंपाकघरात निघून जाता, म्हणून हे उघड पत्र. दुसरं कारण स्वार्थाचं आहे. तारकर्लीहून परतल्यापासून प्रतापनगरातली आपली निम्मी बिल्डिंग मला विचारतेय, व्हिला कोणता, कितीला पडला, एवढ्या नऊ माणसांचं जमवलं कुणी. लिफ्टमध्ये प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते आणि ज्याचं श्रेय त्याला देऊन टाकते.

आमचा मूळ बेत तुम्हाला आठवत असेलच. ह्यांनी एक्सेलमध्ये मांडलेला. ७ दिवस आणि ११ ठिकाणं: विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, तेरेखोल, पणजी आणि येता येता आंबोली. नागपूरच्या झीरो माइलपासून समुद्र कुठल्याही दिशेने लांबच, तेव्हा एकदा निघालोच आहोत तर सगळं उरकून घेऊ, हा आपला नागपुरी हिशेब. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून तो कागद वाचलात आणि एवढंच म्हणालात, "सात दिवस गाडीतच बसतलास, तर दर्या बघतलास कधी?" तीस-बत्तीस वर्षं नागपुरात काढूनही रागावलात की तुमची मालवणी बाहेर येते. कागद घडी करून फ्रिजवर ठेवलात. तो अजून तिथेच असणार.

मग मी मोठ्या ऐटीत तुम्हाला मोबाइलवर आमचा 'बीच व्हिला' दाखवला. निम्मे पैसे भरून झाले होते. माडांची रांग, पांढऱ्या भिंती, समोर निळंशार पाणी. तुम्ही फोटो बोटांनी मोठा केलात आणि विचारलंत, "लाट कुठाय?" मी बघतच राहिले. खरंच, त्या अख्ख्या फोटोत फेसाची एक रेघ नव्हती. "ही खाडी आहे गो. समोर जी वाळू दिसते ना, ती पलीकडची. होडीशिवाय जाशील कशी?" नकाशावर समुद्र तीनशे मीटरवर होता हे खरंच होतं, मधे पाणी आहे एवढंच सांगायचं राहिलं होतं. भरलेल्या पैशांतले निम्मे परत मिळाले, उरलेले आम्ही शिकवणीची फी म्हणून सोडून दिले. पण तो एक प्रश्न तुम्ही विचारला नसता तर भाऊबीजेनंतरच्या त्या आठवड्यात नऊ जणं खाडीकाठी डास मारत बसलो असतो.

नंतरचा तो फोन मात्र मला शब्दशः आठवतो. तुमच्या भाच्याकडून तुम्ही तारकर्लीतल्या एका घराचा नंबर मिळवलात, स्पीकर लावलात आणि घर सांभाळणाऱ्या बाईंशी मालवणीत सुरू झालात. मी वहीत काय काय लिहावं म्हणून बसले होते: स्विमिंग पूल, वायफाय, एसी. तुम्ही विचारलंत ते असं. विहीर घराची की सामायिक? दिवाळीनंतर पाणी गोडं राहतं का? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात की नुसते दिवे? जिन्याला कठडा आहे का, खाली एक तरी खोली कमोडवाली आहे का? वाळूतून आल्यावर पाय धुवायला नळ बाहेर आहे का? शाकाहारी भांडी वेगळी मिळतील का? आणि घरातून निघून पाण्याला पाय लागेपर्यंत किती मिनिटं, "पण म्हातारीच्या पावलान". आमच्या आईंना तुम्ही म्हातारी म्हणालात हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पाच मिनिटांत सगळं घर डोळ्यासमोर उभं राहिलं. तीन खोल्या, माळा, मोठा ओटा, मागे माडाची बाग, बागेतून पायवाट. रात्रीला १२ हजार, पण तुम्ही सात रात्री राहून पैसे सहाच रात्रींचे द्यायचे ठरवून घेतलेत. नऊ माणसांना हॉटेलात चार खोल्या लागल्या असत्या, शिवाय तिन्ही वेळचं बाहेरचं खाणं. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणाला हिशेब करायचा असेल तर त्यांनी खोल्यांचा करू नये, चहाचा करावा. आमच्याकडे दिवसाला वीस-पंचवीस कप होतो.

आता कॅलेंडर. हे मला नीट सांगू द्या, कारण यासाठीच तर खरं पत्र आहे.

मी तुमच्याकडे तारखा घेऊन आले होते आणि तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिथ्या वाचायला लागलात. मला वाटलं मुहूर्त काढताय. तुम्ही म्हणालात, तिथीची पाऊणपट कर. पंचमी? पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पंचमीला भरती पावणेचारच्या सुमाराला, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. दशमीला साडेसात. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण-एक तास पुढे सरकत जाणार, कारण चंद्रच रोज तेवढा उशिरा येतो. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं नि उतरतं ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास मऊ असतं तो भांग. एवढं गणित तुम्ही शाळेत नव्हे, वडलांच्या होडीत बसून शिकलात. माझा मुलगा नववीत आहे, त्याने लगेच मोबाइलवर भरतीचा तक्ता काढून पडताळलं. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. तो गप्प बसला, जे सहसा होत नाही.

त्या पाऊणपटीवर आमचा आठवडा उभा राहिला. नागपूर-मडगाव गाडी आठवड्यातून दोनदाच, म्हणून चतुर्थीला निघून पंचमीला कुडाळ. जवळजवळ चोवीस तासांचा प्रवास, त्यातले आठ तास पोट्ट्यांनी चिवडा खाण्यात घालवले. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं: पहिले चारेक दिवस सकाळी पाणी लांब गेलेलं, ओली कडक वाळू, आईंना चालायला डांबरी रस्त्यापेक्षा बरी. आणि दुपारी तीननंतर चढतं पाणी, म्हणजे पोरांच्या डुंबण्याची वेळ. "पाणी आत येताना खेळा. पाणी बाहेर जायला लागलं की गुडघ्यापर्यंत." हे वाक्य मी व्हिलाच्या दारावर कागदावर लिहून चिकटवलं होतं. आपली पोरं टँकमध्ये पोहायला शिकलेली, त्यांना वाटतं पाणी एका जागी उभं असतं. षष्ठीला सकाळी साडेदहाची ओहोटी धरून देवबागच्या संगमावर होडीने गेलो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला, त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा मोकळा झालेला होता. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून एका बाजूला नदी नि दुसऱ्या बाजूला समुद्र. परत निघालो तेव्हा पट्टा आकसायला लागला होता, आणि एक मोठा ग्रुप जेवून-खाऊन आरामात तिकडे निघाला होता. त्यांना पाऊणपट कुणी सांगितली नव्हती.

अष्टमीचा भांग तुम्ही मुद्दाम पाण्याखाली बघायला राखून ठेवलात, पाणी फारसं ढवळलेलं नसतं म्हणून. मालवणचा हा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हे मला तिथे जाऊन कळलं. नळी तोंडात धरून मी प्रवाळ बघितलं. करड्या-पिवळ्या दगडासारखं दिसतं, आणि मग त्यातून एक बोटभर मासा बाहेर येऊन तुमच्याकडे बघतो. मला पोहता येत नाही, तरी मी बघितलं. यावर आमच्याकडे अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, तर सांगायलाच हवं. तुम्ही बजावलं होतं, दोरीला हात लावल्याशिवाय मासे मागायचे नाहीत. सप्तमीच्या सकाळी किनाऱ्यावर दोन टोकांना माणसं दोर ओढताना दिसली. हे बँकेत काम करतात, हातात पेनापेक्षा जड काही धरत नाहीत. गेले आणि शेवटच्या माणसामागे उभे राहिले. कुणी काही बोललं नाही, फक्त एकाने पाय कसे रोवायचे ते दाखवलं. पाऊण तास. जाळ्याचा पोटाचा भाग वाळूवर आला तेव्हा आतून सळसळ ऐकू येत होती, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. ह्यांना पिशवीत तारल्या नि चार बांगडे मिळाले. तळहाताची साल गेली ती गेली, पण दिवाळी बोनसचं इतकं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं थोडक्यात सांगते, सगळे जातातच. १६६४ ला पाया, १६६७ ला पूर्ण, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. शिवराजेश्वराच्या देवळातले महाराज दाढीशिवाय आहेत, डोक्यावर कोळ्याची टोपी. आई बराच वेळ बघत राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "इथल्या लोकांचेच वाटतात."

स्वयंपाकघरात मात्र दोन प्रांतांची चांगलीच गंमत झाली. पहिल्याच दिवशी आईंनी त्या बाईंना विचारलं, "सांबार आहे का थोडा?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या, उद्या इडली करू तेव्हा करते. आईंना हवी होती कोथिंबीर. एकादशीला उलटं. आई भगर मागतायत, बाई म्हणतायत असलं काही इथे मिळत नाही, आणि डबा उघडला तर वरीचे तांदूळ! तुम्ही दोन किलो ज्वारीचं पीठ न्यायला लावलंत त्याचं मोल तिसऱ्या दिवशी कळलं. तांदळाची भाकरी आईंनी दोन दिवस कौतुकाने खाल्ली, तिसऱ्या दिवशी स्वतः परातीशी बसल्या. बाईंनीही मग ज्वारीची थापून बघितली आणि सोलकढीबरोबर खाल्ली. आम्ही बांगड्याच्या तिखल्यातलं (तिखट कालवणातलं) तिरफळ चावायचं नसतं हे ते चावून शिकलो.

एक चूक कबूल करते. नवमीचा दिवस तुम्ही कोरा ठेवला होतात. वहीत तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे, "काही नाही". ह्यांना ते बघवलं नाही. एक्सेलमधला निदान एक तुकडा तरी करू म्हणून गाडी ठरवून वेंगुर्ला-शिरोडा. शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला, ती जागा मुलांनी बघावी हे मलाही वाटत होतं. पण वळणांनी भाचीला दोनदा उलटी झाली, भर दुपारी पोचलो, आणि परत येईतो सूर्य बुडून गेला होता. नंदोई तेवढे व्हिलातच थांबले होते. दिवसभर झोपाळ्यावर पडून त्यांनी म्हणे एक नारळ पडताना प्रत्यक्ष बघितला. सगळ्यात जास्त तजेलदार तेच दिसत होते.

शेवटचा दिवस. घर सकाळी १० ला सोडायचं आणि गाडी रात्रीची. हा मधला दिवस आमच्या एक्सेलमध्ये नव्हताच. तुम्ही मात्र पहिल्याच फोनवर विचारून ठेवलं होतंत, खालची एक खोली आणि न्हाणीघर संध्याकाळपर्यंत उघडं ठेवाल का. त्यामुळे सामान तिथे, आई तिथे आडव्या, आणि आम्ही शेवटचं एकदा पाण्यात. द्वादशी होती. बाई अंगणात तुळशीचं वृंदावन रंगवत होत्या, ऊस, चिंचा-आवळे आणून ठेवलेले. आईंनी स्वतःहून गेरू कालवून दिला. लग्नाला थांबा म्हणत होत्या, पण गाडी कुठली थांबतेय.

तुमच्यासाठी आणलेली कोकमाच्या आगळाची बाटली, तिरफळं नि सोडे (सुकवलेली कोळंबी) पोचलेच आहेत. सोड्यांच्या वासावरून डब्यात वर्ध्यापर्यंत जी कुजबुज चालली होती तिचा वृत्तांत समक्ष सांगेन. तुमच्या भाच्याने दिलेला खाजाचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा? सांबार आता बाजारात स्वस्त झालाय. रविवारी सांबारवड्या करतेय, तेव्हा भरून आणते. घरी असा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची