देवगडकडच्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "होय होय, जेवलात काय?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता घालत नाही, काळजी नसावी. "उगाच गर्दी नको," असं तुम्हीच बजावलंयत.

वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख करून देते. जुनी टेंपो ट्रॅव्हलर, कंपनीचं नाव बजाज टेंपो होतं तेव्हाची, म्हणजे 2005 च्या आधीची. मर्सिडीजच्या ओएम 616 घराण्यातलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. मागे आम्ही पलंग, ओटा, छोटा फ्रीज असं बिऱ्हाड थाटलंय, छतावर सोलर आहे आणि या सगळ्यासाठी वेगळी बॅटरी. कुणकेश्वरला किल्ली फिरवली की नुसतं 'टक' वाजायचं. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, काही फिरेना.

तुमच्या आधी वाटेतल्या एका गॅरेजने बॅटरी बदलून दिली होती, मग सेल्फही. दोन्ही बिलं तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचलीत आणि एक शब्द न बोलता घडी घालून परत दिलीत. दुसऱ्याच्या कामाला नावं न ठेवणारा मिस्त्री मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

माझे यजमान पाना घेऊन गाडीखाली शिरायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, "खोलूचा नाय. आधी मोजूया." आणि मोजण्याच्याही आधी प्रश्न. गाडी थंड असताना रुसते की तापल्यावरही? आवाज एकदाच येतो की टकटकटक येत राहतो? पावसाळ्याआधी काय काम केलं होतं? या शेवटच्या प्रश्नाचा आणि सेल्फचा काय संबंध, हे तेव्हा कळलं नाही. "अंडरबॉडी कोटिंग," म्हणजे गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला मारतात तो थर, मी म्हटलं, आणि तुम्ही नुसतंच "हां" केलंत.

मग मागच्या बिऱ्हाडाची वायर पुढच्या बॅटरीपासून सोडवायला लावलीत. दोन बॅटऱ्यांच्या गाडीत हे आधी करायचं, नाहीतर बिघाड कुठल्या बाजूचा ते समजत नाही, हे तुमचं म्हणणं. हेडलाइट लावून किल्ली मारायला सांगितलीत. दिवे पार मावळले असते तर बॅटरी दमलेली किंवा सेल्फ जाम. ते तसेच जळत राहिले, म्हणजे बॅटरीत दम आहे पण तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये. एवढं तर मीटर न काढताच कळलं! मला वाटतं, पुढचा सगळा खर्च इथेच वाचला.

त्यानंतरचा तुमचा हिशेब मी वहीत उतरवून ठेवलाय. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, यजमान किल्लीवर आणि तुम्ही मीटर घेऊन खाली. नुसती उभी असताना बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांवर 11.8. तेच सेल्फच्या जाड बोल्टवर आणि त्याच्या बॉडीवर मोजलं तर 6.7. मधले पाच व्होल्ट गेले कुठे? बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत 0.2, त्यात काही वावगं नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या लोखंडापर्यंत मात्र 4.9! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. "करंट जाता बरोबर, पण परत येवक वाट खंय आसा?" हे तुमचं वाक्य आमच्या घरी आता कशालाही वापरतात.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चासीपासून, गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून, जवळजवळ तुटलेलंच. परतीची वाट म्हणजे इंजिनापासून चासीला जाणारी ती एक अर्थिंगची पट्टी. ती बंद पडली की करंट मिळेल ती चोरवाट धरतो. तुम्ही माझा हात ॲक्सिलरेटरच्या केबलवर ठेवलात आणि ती चक्क गरम होती. उद्या हीच केबल वितळून आत चिकटली असती, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत, पण माझ्या पोटात गोळा आला.

मग तुम्ही जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाला लावलंत. किल्ली मारताच सेल्फ गरगर फिरला. तेव्हा कुठे पाना हातात घेतलात. पट्टी चासीला जिथे आवळली होती तिथे कोटिंगचा काळा थर थेट जोडाच्या आत उतरलेला, आणि तांब्याच्या विणीत हिरवी भुकटी. खाऱ्या वाऱ्याने आणि कोटिंगने मिळून केलेलं काम ते. वय झालेल्या गाडीला काय बोल लावायचा! तुम्ही पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलंत, वेल्डिंगच्या जाड केबलचा तुकडा कापून दोन्ही टोकांना लग (बोल्टात अडकवायच्या धातूच्या कड्या) दाबलेत, आवळलंत आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, आवळल्यावर, हेही बजावलंत. पुन्हा मोजलं तर 0.2.

इथे पैसे घेऊन मोकळे झाला असतात तरी आम्ही खूश होतो. पण सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडायला वेळ घेतंय आणि पांढरा धूर सोडतंय, हे तुमच्या नजरेतून सुटलं नाही. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आतून तापवणाऱ्या हीटर प्लगवरची पट्टी सोडवून, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणलेला बल्ब एकेका प्लगला टेकवलात. दोन ठिकाणी पेटला, दोन ठिकाणी नाही. नवे प्लग कणकवलीहून एसटीने मागवलेत आणि तोवर आम्हाला तुमच्या पडवीत जेवू घातलंत. काकूंच्या हातच्या तिखल्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.

बिलावर तुम्ही केबल, लग, दोन प्लग आणि मजुरी एवढंच लिहिलंत. मोजणीचे पैसे लावा म्हटलं तर म्हणालात, "बघूचे पैसे कसले?" काका, बघण्याचेच तर पैसे असतात. आधीच्या दोन्ही बिलांत तेवढंच नव्हतं.

गाडी आता भल्या पहाटेही पहिल्या किल्लीला उठते. यजमानांनी मीटर विकत घेतलाय आणि सोसायटीतल्या प्रत्येक गाडीची अर्थिंग तपासायचा सपाटा लावलाय; त्याला जबाबदार तुम्ही. मागच्या बॅटरीचा रिले (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) गरम होतो म्हणाला होतात, तो अजून तसाच आहे. शिमग्याला तिकडे येतोय, तेव्हा दाखवते. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
ट्रॅव्हलरवाली ताई