गणपूर्ती, नोंदवही आणि तुमची ‘उदासीनता’

महोदय,

रहिवासी संघांना संजीवनी देण्याविषयीचा कालच्या अंकातला लेख वाचला. भाषा गोड आहे. ‘एकोपा’ आहे, ‘उदासीनता’ तर प्रत्येक परिच्छेदात आहे. ‘गणपूर्ती’, म्हणजे सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी, मात्र एकदाही नाही, आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते.

लोक उदासीन म्हणून संघ बंद पडतो, असा लेखकाचा समज दिसतो. बहुतेक वेळा त्याचा जीव सभासदांची नोंदवही घेते. समजा, नोंदवहीत २४० नावे आहेत आणि गणपूर्ती एक तृतीयांशाची, म्हणजे ८० माणसे हवीत. त्या २४० पैकी १२० जण घर विकून गेलेले, वारलेले किंवा दोनदा नोंदलेले. उरलेल्या १२० पैकी ८० जण, म्हणजे दर तिघांतले दोघे, एकाच संध्याकाळी खुर्चीत बसवून दाखवा! ते जमत नाही, सभा तहकूब होते, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘लोक येतच नाहीत’ हे पालुपद सुरू.

म्हणून पहिले काम सभा बोलावण्याचे नव्हे, दारोदार फिरून नोंदवही तपासण्याचे. दोघांची जोडी करावी, शक्यतो वेगवेगळ्या भाषांची. प्रश्न तीनच: इथे कोण राहते, जुने सभासद आहात का, सूचना कोणत्या भाषेत हवी. वर्गणीचा विषय पहिल्या फेरीत काढला की पुढची दारे उघडत नाहीत. आणि सापडलेली फालतू नावे आपणच खोडायची नाहीत. त्यासाठी लेखी नोटीस, मुदत आणि कार्यकारिणीचा ठराव लागतो. नाहीतर खोडलेला एखादा सभासद उगवतो आणि अख्खी निवडणूक अडकवतो.

आता कार्यकारिणीचीच मुदत संपली असेल तर ठराव करायचा कोणी? बऱ्याच संघांच्या नियमांत तहकूब सभेची वाट ठेवलेली असते: त्याच जागी, अर्ध्या तासाने, हजर असतील तेवढ्यांत. पण मूळ सूचनेत तसे छापलेले हवे, आणि विषयही सूचनेतलेच घेता येतात. तेव्हा हंगामी समिती, निवडणुकीची तारीख आणि बँकेतल्या सह्यांचे अधिकार हे तीन विषय सूचनेतच टाका. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून काहीही घुसवू नका. नियमदुरुस्ती तर मुळीच नको. तिला वेगळी सूचना आणि वाढीव बहुमत लागते.

खात्यावर बहुधा तिघांपैकी दोघांच्या सह्या असतात. त्यातला एक शहर सोडून गेलेला, दुसरा जग सोडून. बराच काळ व्यवहार नसल्याने खाते गोठलेले. बँक ठरावाची प्रत आणि नव्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे मागणारच. खाते चालू होईपर्यंत वर्गणी घेऊ नये. खजिनदाराच्या कपाटातली रोकड हा संघाच्या दुसऱ्या मरणाचा मुहूर्त.

‘सर्व समाजांना सामावून घ्या’, असे लेख सांगतो. कसे ते सांगायला जागा पुरली नसावी. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांत हिंदू आणि मुस्लिम सभासद सारखे ठेवले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात वस्तीसाठी संस्था निघाली, तेव्हा तिच्या कार्यकारिणीच्या पहिल्या मसुद्यात रहिवाशांनाच कमी जागा होत्या. लोकांनी तो सभेत हाणून पाडला, रहिवाशांचे बहुमत लिहून घेतले आणि कृष्णवर्णीय, केप व्हर्डियन (आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांवरून आलेले), लॅटिनो व गोरे या चौघांना लोकसंख्येच्या प्रमाणात नव्हे, सारख्या जागा दिल्या. मुद्दा जागांचा आहे, सद्भावनेचा नाही.

‘घरमालकच सभासद’ हा नियम तर वस्तीत नव्याने आलेल्यांना गाळण्याची चाळणीच असतो. मत नसलेला भाडेकरू दोन सभांना येतो, तिसरीला येत नाही. निवडणूक झाली की पहिल्याच विशेष सभेत हे कलम बदलावे.

आणि भाषा. प्रत्येक वाक्याचा अनुवाद करायचा तर वेळ दुप्पट लागतो, म्हणून विषय निम्मे ठेवा. ठराव मताला टाकण्याआधी सगळ्या भाषांत मोठ्याने वाचा. अनुवाद करणारा स्वतः उमेदवार नसावा. शाळकरी मुलांना तर या कामाला जुंपूच नये; पैशांचा वाद निघाला की ती बिचारी बापाच्या शिव्या गाळून सांगतात.

व्हॉट्सअॅप ग्रुपचा सल्ला वाचून करमणूक झाली. सुप्रभात तिथे जरूर पाठवावे. सभेची सूचना मात्र नियमात लिहिलेल्या मार्गानेच जायला हवी.

जाता जाता आणखी एक. माझ्या मागच्या पत्रात मी ‘कोरम’ लिहिले होते, आपण ‘कोरस’ छापलेत. ‘कोरस नसल्याने सभा तहकूब’ असे वाक्य माझ्या नावावर फिरते आहे. या वेळी म्हणून मुद्दाम ‘गणपूर्ती’ लिहिले आहे. त्याचे ‘गणपती’ होऊ नये, एवढे मुद्रितशोधकांना सांगावे.

आपला,
एक नियमित वाचक