भीमपलास वाजवणाऱ्या मुलतानीवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही पेटी खोळीत घातली आणि चहाला न थांबता निघालात. माझं बोलायचं राहिलं. आता चारचौघांत बोलते, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, पण घ्या ऐकून.

आमच्या मंडळाने 'मानापमान' या संगीत नाटकातली पदं करायची ठरवली तेव्हा 'प्रेमसेवा शरण' हे नायक धैर्यधराचं पद मी हट्टाने मागून घेतलं. चाल गोविंदराव टेंब्यांची, १९११ ची, भीमपलास रागातली. तिथून माझे हाल सुरू झाले. एका नावाजलेल्या साथीदारांनी फोनवर हसूनच सांगितलं, ती चाल आता कोण ऐकतंय, गायक-नट मास्टर दीनानाथांची मुलतानी रागातली घ्या, टाळी हमखास. दुसऱ्या एका जाणकारांनी माझ्या आवडीलाच गुळमट म्हणून टाकलं. तिसरे 'बघतो' म्हणाले, ते अजून बघतायत. टेंबे आपल्या मातीतले, त्यात स्वतः नामांकित पेटीवादक, आणि त्यांच्या चालीला कोल्हापुरात पेटीवाला मिळेना!

तुम्ही आलात, पेटी उघडलीत आणि पहिलं काय विचारलंत? 'ताई, पट्टी कुठली तुमची?'

मामा, माझा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. क्लासात सगळ्या पोरींना चौथी काळी पट्टी, काळी चार, म्हणून मलाही काळी चार. पुढे कार्यक्रमांत पेटीवाल्यांच्या सोयीची पट्टी. वय झालं, आवाज खाली आला, तरी मी आपली मान ताणून वरचा षड्ज गाठायची आणि लोक म्हणायचे, हिचा आवाज कापतो. तुम्ही काळी तीन धरलीत, नुसता सा-प लावायला सांगितलात आणि डोळे मिटून ऐकत बसलात. मग म्हणालात, 'आता जावा वर.' गेले. कुठंही ओढाताण नाही. घरी येऊन मी स्वयंपाकघरात एकटीच गात बसले होते, आमटी लागली खाली.

आणि त्यानंतर कुठे तुम्ही मत सांगितलंत, तेही तोंडावर: 'मला मास्तरांचीच पटतीया. धैर्यधर शिपाईगडी हाय. प्रेमात पडला म्हणून काय तलवार मोडून बसंल?' मी म्हटलं, तेच तर, रणात न हरलेला माणूस इथे आपणहून हरतो. टेंब्यांच्या भीमपलासात तो खरंच शरण गेलेला ऐकू येतो. मुलतानीत कोमल रिषभ-धैवत आणि तीव्र मध्यम असे टोचत राहतात की तो शरण जाता जाता लढतोच आहे. 'मग ते चांगलंच की,' तुम्ही म्हणालात. आपलं जमलं नाही. टेंब्यांच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली तुम्हाला नायिका भामिनीच्या तोंडी गोड वाटतात, धैर्यधराच्या नाही. मला दोघांच्याही तोंडी गोड वाटतात. दीनानाथांचं तेज मी नाकारत नाही, पण दर वेळी दिपून जायची माझी तयारी नसते.

एवढं असून तुम्ही वाजवलंत कसं! दोन्ही रागांची चढती वाट एकच: निषादावरून षड्ज, गंधार, मध्यम, पंचम, रिषभ-धैवत वगळून. मुलतानी मनात बसलेल्या माणसाचं बोट तीव्र मध्यमावर जायला कितीसा वेळ लागतो? एकदाही गेलं नाही. मी श्वास घेताना तुम्ही भरलेल्या जागासुद्धा टेंब्यांच्याच वळणाच्या होत्या. न पटणाऱ्या चालीला एवढी इमानी साथ देणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आपल्या गायक-नट केशवराव भोसल्यांची आठवण झाली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोघांच्या नाटक कंपन्यांची चुरस केवढी, चाहते हमरीतुमरीवर येणारे, तरी दोघे एका रंगमंचावर उभे राहिलेच. हल्ली आवड जुळली नाही की लोक नमस्कारही करीत नाहीत. एका बैठकीत मी टेंब्यांची बाजू घेतली, तर एका सद्गृहस्थांनी पुढच्या बैठकीचा निरोपच दिला नाही मला. संगीतावर एवढं प्रेम करणारी माणसं इतकी कोती कशी होतात, देव जाणे.

मानधनाचं पाकीट तुम्ही तबलजींच्या हाती परत पाठवलंत, ते मला आवडलेलं नाही. मंडळाच्या खजिनदारबाईंचा हिशेब त्यापायी अडकलाय. येत्या रविवारी मी घरी येऊन काकूंच्या हातात देणार आहे.

पुढच्या वेळी 'मानापमान'मधलंच 'चंद्रिका ही जणू' घ्यायचा विचार आहे. त्यातही तुम्ही मास्तरांचीच बाजू घेणार, माहीत आहे मला. भांडू. पट्टी तेवढी काळी तीनच ठेवा.

तुमची,
टेंबेवाली ताई