दिवाळी सुवोनला करू या

प्रिय आई, बाबा,
सा. न. वि. वि.

न आवडणारं आधी सांगते. या दिवाळीला मी घरी येत नाहीये. इथलं, दक्षिण कोरियातल्या सुवोनमधलं, काम आणखी दोन वर्षांसाठी घेतलं आहे, सहीही झाली. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही "तुला बरं वाटेल ते कर" म्हणाला असता आणि मग माझ्याच्याने सही झाली नसती. म्हणून त्याच दिवशी तुमची तिकिटं काढली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघायचं, पंचवीस दिवस राहायचं. पैशांवरून वाद नको.

महिना विचार करून निवडला आहे. कोरियन लोकांचा चुसोक हा सुगीचा सण तोवर उरकलेला असतो. त्या सुट्टीत गाड्या भरलेल्या आणि अर्धी दुकानं बंद असतात. दिवसा हवा आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखी असते, रात्री आठ-दहा अंशांपर्यंत उतरते, नोव्हेंबरात मात्र आणखी गार. घरात जमिनीखालून ऊब येते, त्याला ओंदोल म्हणतात. आई, तुझे पाय गार पडणार नाहीत. तुम्हा दोघांना पलंग आहे, कमोड आहे, गरम पाणी चोवीस तास आहे.

राजधानी सोल सोडून सुवोनच का, हे बाबा विचारतील. सोलमध्ये भुयारी स्टेशनांतच किलोमीटरभर चालणं होतं. इथे ह्वासोंग किल्ल्याचा तट, राजवाडा, बाजार सगळं जवळजवळ आहे. तट 5.7 किलोमीटरचा, 1794 ते 1796 मध्ये बांधलेला. बहुतेक लोक पालदालमुन या दक्षिण दरवाजापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण लगेच पालदाल डोंगराच्या उभ्या पायऱ्या लागतात आणि पहिल्या वीस मिनिटांत गुडघे बोलायला लागतात. आपण पूर्वेच्या चांगन्योंगमुनपासून निघू (मुन म्हणजे दरवाजा). ह्वाहोंगमुन, मग उत्तरेचा जांगानमुन, मग पश्चिमेचा ह्वासोमुन, असं साधारण दोन किलोमीटर. चढउतार हलके आहेत, मध्ये कुठेही तटावरून खाली उतरता येतं. ह्वासोमुनच्या पुढे चढ सुरू होतो, तिथे थांबायचं. वरचं सोजांगदे, म्हणजे सेनापतीचं ठाणं, राहिलं तरी चालेल. बाबा, गणपतीपुळ्याला जे केलंत ते इथे करायचं नाही. पाऊस असेल तर तटावर जायचंच नाही, ओला दगड घसरतो.

ह्वाहोंगमुनपाशी मात्र हवा तेवढा वेळ बसा. सुवोनचा ओढा तटाखालून सात कमानींतून जातो. बाबा, तुमचं अख्खं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, त्या कमानी तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या वाचाल. शेजारच्या बांगह्वासुर्यूजोंग मंडपात बूट काढून बसायचं असतं, खाली तळं आणि वाळुंजाची झाडं. हा तट बांधवणाऱ्या जोंगजो राजानेच 1795 मध्ये शहराच्या उत्तरेला मानसोकगो हा तलाव बांधवला, आसपासच्या शेतीला पाणी मिळावं म्हणून. सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून 2017 मध्ये त्याची नोंद झाली. आता भोवती बाग आहे, काठाची वाट सपाट आहे. सकाळचं फिरणं तिथेच करू.

तट बांधताना जोंग याक-योंग या विद्वानाने दगड उचलायला गोजुंगगी नावाचं यंत्र आखलं: वर चार कप्प्या, खाली चार. त्याची प्रतिकृती ह्वासोंग संग्रहालयात आहे. सगळ्या बांधकामाचा हिशेब, गवंडी-सुतारांच्या नावांसकट आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीसकट, 1801 मध्ये छापला गेला. बाबा, तुमच्या एम.बी.सारखाच, कामाच्या मोजमाप वहीसारखा. कोरियन युद्धात पडलेला तट 1970 च्या दशकात त्या नोंदी पाहून पुन्हा उभा केला, आणि 1997 मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा ठरवला.

आई, हेंगुंग राजवाडा तुझ्यासाठी आहे. जोंगजोचे वडील 1762 मध्ये तांदळाच्या पेटीत कोंडून मारले गेले. मुलाने पुढे त्यांची समाधी सुवोनजवळ हलवली, आणि 1795 मध्ये आईच्या साठीची मेजवानी या वाड्यातल्या बोंगसुदांगमध्ये केली. त्या नावाचा अर्थच दीर्घायुष्य चिंतण्याची जागा असा आहे. तुझी साठी मी फोनवर केली. त्या दालनात तुला माझ्या शेजारी उभी राहिलेली बघायचं आहे, बाकी काही नाही.

तिथे सोमवारी जायचं नाही. दारासमोरच्या 24 युद्धकलांच्या खेळाला आणि समोरच्या कला संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते. खेळ अकराला असतो, साडेदहाला सावलीतली जागा धरू. संग्रहालय 2015 चं आहे. ना हे-सोक (1896–1948) ही तैलचित्रकार याच गावची, तिच्यासाठी तिथे वेगळी जागा ठेवली आहे. तिथून दक्षिणेला कारागिरांची गल्ली लागते: लाकूडकाम, हांजी कागद, मीनाकाम. मावशीसाठी तिथूनच घे, भाव करू नकोस. कापड बघायचं तर योंगदोंग बाजार, आणि मोत्गोल बाजारात तोक, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्या, मिळतात. त्यातलं भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवलेलं इंजोल्मी तुला आवडेल. बाबा, तुम्हाला एकच तुकडा.

जेवणाची काळजी मी करते. किमचीत बहुधा मासळीचा रस असतो, साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये सुकी मासळी उकळलेली असते, म्हणून "भाजीचं आहे" एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मांस, मासळी आणि अंडं नको अशी कोरियन चिठ्ठी तुझ्या पर्समध्ये ठेवीन. रात्री घरी वरणभात. तूरडाळ स्टेशनाजवळ मिळते, कुकर आहे.

बसमध्ये चढताना आणि उतरतानाही कार्ड टेकवायचं, नाहीतर पुढच्या बसची सवलत जाते. आधी बसायचं, मग पिशवी सावरायची, ब्रेक जोरात लागतात. पन्हाळ्याच्या पायऱ्या उतरताना माझं बोट बाबांच्या मुठीत असायचं. इथे बाबांनी माझा हात धरायचा, लोक बघतात वगैरे मनात आणायचं नाही.

औषधं बत्तीस दिवसांची घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. नवे बूट नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. आपला तीन पिनांचा प्लग इथे बसत नाही, चार्जर दोन गोल पिनांचे आणा. व्हिसाचे कागद मी पाठवते आहे, फोटो याच आठवड्यात काढा.

आई, रागावली असशील तर फोनवर रागाव, पण फोन घे.

तुमची
मनू

ता. क. लोणचं मोठ्या बॅगेत, डबल पिशवीत. हातातल्या बॅगेत काढून घेतील. ओला नारळ, कढीपत्ता, फळं अजिबात नकोत, विमानतळावर जप्त होतात. चकलीचा सोऱ्या मात्र आण, इथे मिळत नाही.