बारवेची ड्रॉइंग माळ्यावर आणि बारवेला सिमेंट

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुन्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), घाट, पाणपोया यांच्या सुशोभीकरणाच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येत असतात. फोटोत नवी फरशी आणि स्टीलचं रेलिंग दिसलं की माझ्या पोटात गोळाच येतो, म्हणून हे पत्र. मी सातारा जिल्ह्यात राहते आणि गेली अकरा वर्षं एका आर्किटेक्चर कॉलेजात सेकंड इयरला शिकवते.

काही वर्षांपूर्वी आम्ही पोरांना घेऊन एका गावातल्या बारवेची मापं घ्यायला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कोणाला दोष द्यायचा नाहीये. बारव फार मोठी नव्हती, पण दगड काय घडवलेला! सांध्यात चुना नाही, काही नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. दोन पोरं टेप धरून, एक कागदावर लिहून घेतोय, आणि एका मुलीने वरच्या कडेवरून ओळंबा सोडला तर तो सरळ खाली लोंबायच्या ऐवजी भिंतीलाच टेकायला लागला. पोरांना वाटलं भिंत कललीय, एकाने तर शीटवर तसं लिहूनही टाकलं. तिथे एक म्हातारे पाथरवट पायरीवर बसून आमचा उद्योग बघत होते, ते म्हणाले, "कलली न्हाय बाळा, मुद्दाम मागं रेलून बांधलीया. मागची माती पावसाळ्यात फुगती, ती भिंतीला ढकलती." मग त्यांनी पोरांचा हात धरून दाखवलं की दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा मागे आहे, आणि सांधे कोरडे का ठेवलेत तर मागचं पाणी झिरपून बाहेर यावं म्हणून. मी वर्गात दोन लेक्चर घेऊन जे समजावू शकले नसते ते तिथे दहा मिनिटांत झालं.

आम्ही चांगली ड्रॉइंग केली, प्लॅन, सेक्शन, दगडाचा थर न् थर. पोरांना मार्क मिळाले. आणि ती शीट्स गुंडाळून कॉलेजच्या माळ्यावर गेली.

पुढे त्या बारवेला निधी मिळाला. गावाला आनंदच झाला असणार, मलाही झाला असता. काम करणाऱ्यांनी सगळे सांधे सिमेंटने भरून टाकले, आतून प्लास्टर केलं, वर रंग दिला. त्यांच्या हिशोबाने त्यांनी भिंत मजबूतच केली, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की पाणी त्या सांध्यांतून बाहेर पडतं. दोन पावसाळे गेले आणि पश्चिमेकडच्या भिंतीला फुगवटा आला, प्लास्टरला उभी भेग, आता तिथे पोरांनी उतरू नये म्हणून दोरी बांधलीय. हे सगळं आमच्या शीटवर लिहिलेलं होतं हो, पण ते शीट गावात कोणाकडे नव्हतं. यात माझीही चूक आहे, मी स्वतः एक कॉपी नेऊन द्यायला पाहिजे होती आणि दिली नाही.

आपली पाच वर्षांची डिग्री, त्यात इतिहासाचा पेपर असतो. पोरं डोरिक, आयोनिक, कोरिंथियन असे ग्रीक पद्धतीचे खांब सुंदर काढतात, हेमाडपंती म्हणजे काय ते चार ओळीत लिहितात, गोंदेश्वर आणि कोपेश्वर मंदिरांचा प्लॅन पाठ असतो. पण मुंबईत 1833 साली पूर्ण झालेला टाउन हॉल, ज्यात आज एशियाटिक सोसायटी आहे, त्याच्या डोरिक खांबाच्या पन्हळीतून बोट फिरवलेलं नसतं. साताऱ्याजवळच लिंब गावची बारा मोटेची विहीर आहे, 1719 ते 1724 मध्ये बांधलेली, सुमारे 110 फूट खोल, तीही बहुतेकांनी फक्त मोबाईलवर पाहिलेली असते. जी पोरं मापं घ्यायला जातात ती लुई कान ट्रॉफी या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी जीव तोडून डॉक्युमेंटेशन करतात, रात्र रात्र जागतात, आणि ते काम स्पर्धेनंतर हार्ड डिस्कमध्ये पडून राहतं.

पूर्वी असं नव्हतं. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं आणि 1865 ला लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या फुले मंडईच्या दारावरची दगडातली शिल्पं त्यांच्या हाताखालची. पुढे 1878 ला व्हीटी स्टेशनचं काम निघालं तेव्हा तिथलं नक्षीकाम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे.जे.च्याच विद्यार्थ्यांनी केलं, ती पानं, ते प्राणी, ते मोर. म्हणजे शिकणाऱ्या पोरांचा हात शहराच्या एवढ्या मोठ्या इमारतीला लागला, आणि ते काम आज जागतिक वारसा म्हणून उभं आहे. आता ती इमारत गॉथिक वळणाची, शिकवणारे साहेब लोक, हे मला मान्य आहे, पण शिकवायची पद्धत बरोबर होती, आणि ती आपल्या दगडाला, आपल्या चुन्याला का लावू नये?

माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे आर्किटेक्चर कॉलेज आहे तिथल्या नगरपालिकेने किंवा आसपासच्या ग्रामपंचायतींनी वर्षाला एक छोटं काम कॉलेजच्या स्टुडिओला, म्हणजे डिझाइनच्या वर्गाला द्यावं. पडकी पाणपोई, घाटाच्या चार पायऱ्या, एखादी बारव, पाराचा कट्टा. नवीन बसथांबा असला तरी चालेल, खांब आणि तुळईचं प्रमाण शिकायला तोही पुरतो. पोरं मापं घेतील, ड्रॉइंग करतील, एस्टिमेट करतील, ग्रामसभेत उभं राहून गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतील आणि पाथरवटाबरोबर हातात छन्नी धरतील. सही आणि जबाबदारी अनुभवी आर्किटेक्टची आणि इंजिनिअरची. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंना परवानगीशिवाय हात लावायचा प्रश्नच नाही, पण ज्यांना कोणी वाली नाही अशा वास्तू गावोगाव आहेत. आणि पाथरवटांना ज्युरीवर, म्हणजे पोरांचं काम तपासणाऱ्या परीक्षकांत बसवा, मानधन देऊन, चहापाण्यावर नाही.

यात अडचणी आहेत. सेमिस्टर संपतं आणि काम अर्धं राहतं, त्यामुळे पुढच्या बॅचने ते उचलावं लागेल. एका ठिकाणी आम्हाला तोंडावर सांगण्यात आलं की चुन्याचं काम एस्टिमेटला बसत नाही, सिमेंट लिहा. चुना मळायला, मुरवायला वेळ लागतो, चुना मळायची घाणी बघितलेले लोकही आता थोडेच राहिलेत. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे पोरांना फुकटचे मजूर म्हणून वापरतील, ती खरी आहे, म्हणून त्यांच्या कामाचे तास आणि मार्क आधी ठरलेले पाहिजेत आणि मजुरीची कामं मजुरांनाच मिळाली पाहिजेत. पण आता नाही केलं तर ज्यांना विचारायचं ती माणसंच राहणार नाहीत. ते पाथरवट आजोबा मागच्या वर्षी गेले.

त्या बारवेची शीट्स मी आता माळ्यावरून काढलीत, स्कॅन करून घेतलीत आणि एक कॉपी ग्रामपंचायतीत देऊन आले. सरपंच ताईंनी नीट बघितली, प्लास्टर काढता येईल का म्हणून विचारलं. काढता येईल, हळूहळू, पावसाळ्याच्या आधी, आणि आमची बॅच यायला तयार आहे. आणखी कोणत्या गावाचं असं काम मंजूर झालं असेल तर सिमेंटची गाडी यायच्या आधी जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजला एक फोन करा, ही तुमच्या पेपरमधून सगळ्या सरपंचांना आणि मुख्याधिकाऱ्यांना हात जोडून विनंती.

आपली,
एक शिक्षिका, सातारा जिल्हा