नंबर बरोबर, दिशा उलटी

पुणे

प्रिय दिल्या,

वायरी परत लावल्यापासून गाडी हादरतेय, कार्बोरेटरमधून फटाके फुटतायत आणि मिस्त्री कार्बोरेटरच बदल म्हणतोय, हा तुझा मेसेज वाचला आणि व्हॉइस नोटमधला इंजिनचा आवाज हेडफोन लावून परत परत ऐकला. चॅटवर हे सगळं मावणार नाही म्हणून सरळ पत्रच लिहितोय. सगळ्यात आधी, कार्बोरेटर खोलू नकोस आणि नवीन तर अजिबात मागवू नकोस. मिस्त्री म्हणतोय म्हणून काय झालं, डेल्कोची (म्हणजे एकेका सिलिंडरला आळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप साफ करायला वायरी काढल्या त्याच्या आदल्या दिवसापर्यंत काकांची पद्मिनी छान चालत होती ना, मग ज्याला शेवटचा हात लागला तिथेच आधी बघायचं, कार्बोरेटरला तर कोणी शिवलंही नव्हतं.

तू लिहिलंयस की वायरी 1-3-4-2, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात ती ऑर्डर, बघूनच लावल्या, त्यामुळे तिथे काही चूक नाही असं तुझं म्हणणं. मला तर खात्री वाटतेय की तिथेच आहे. ऑर्डर तीच आहे रे, पद्मिनीत फियाट 1100 चंच ते 1089 सीसीचं इंजिन, एक नंबर सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा, ऑर्डर 1-3-4-2, अँबेसेडरचीही तीच. पण हे आकडे कॅपवर कुठल्या बाजूने मोजत जायचे? रोटर, म्हणजे कॅपखाली फिरत एकेका वायरीला स्पार्क देणारा तो हात, जिकडे फिरतो तिकडे. आता एका कागदावर 1-3-4-2 गोलात लिही आणि उलट्या बाजूने वाच. 1-2-4-3 होतं ना? एक आणि चार समोरासमोर असतात त्यामुळे ते दोन्हीकडून आपल्या जागीच राहतात, अदलाबदल होते ती फक्त दोन आणि तीनची. म्हणून तर गाडी चालू होतेय! ओळीने 1-2-3-4 लावल्या असत्यास तर एकटा पहिला सिलिंडर बरोबर पेटला असता आणि तू नुसता स्टार्टर मारत बसला असतास. (इंग्लंडच्या फोर्डच्या जुन्या केंट इंजिनाची ऑर्डर खरंच 1-2-4-3 असायची, तिथे ती बरोबर, कारण त्याचा कॅमशाफ्टच, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, तसा आहे.)

तुझ्या व्हॉइस नोटमध्येही हेच ऐकू येतं. गाडी हादरतेय पण तालात हादरतेय, धड... धड... धड, मध्ये सारखी गॅप. एक आणि चार एका फेऱ्याच्या अंतराने पेटतात म्हणून ठोके सारखे पडतात. कॅपवर शेजारी असलेल्या दोन वायरी बदलल्या असत्या, समजा एक आणि तीन, तर ठोके लंगडे आले असते, दोन लागोपाठ आणि मग मोठी गॅप, आणि आयडलिंगला बहुतेक टिकलीच नसती.

आता कार्बोरेटरमधून फटाका का फुटतो ते बघ, मिस्त्री याच्यावरूनच फसलाय. दोन आणि तीनचे पिस्टन एकत्रच वर येतात, पण दोघांतला एक कॉम्प्रेशनला (मिश्रण दाबत) असतो तेव्हा दुसऱ्याचा एक्झॉस्ट संपून इनटेक व्हॉल्व उघडायला लागलेला असतो. तू स्पार्क देतोयस या दुसऱ्याला. तिथे जळलेला धूर असता तर काही बिघडलं नसतं, पण आधीचं पेट्रोल जळलेलंच नाहीये, ते शिल्लक मिश्रण पेटतं आणि ज्वाळा उघड्या व्हॉल्वमधून मागे कार्बोरेटरकडे येते. बाकीचं कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, तिथले फटाके वेगळेच. म्हणून एअर क्लीनर काढून गाडी चालू करत असशील तर प्लीज ते आजच बंद कर, ती जाळी आणि तो डबा ज्वाळेला अडवतात, उघड्या कार्बोरेटरवर आग लागायला वेळ लागत नाही. जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेव, नाहीतर वाळूची बादली तरी, पेट्रोलच्या आगीवर पाणी नको.

खात्री करून घ्यायची तर इंजिन बंद करून दोन नंबरच्या प्लगची वायर काढ, तिच्यात एक जुना प्लग अडकवून तो इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून ठेव म्हणजे स्पार्क हवेत लोंबकळणार नाही, मग चालू करून ऐक. काही फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीच मेलेला होता. तसंच तीनचं. एकची किंवा चारची काढलीस तर गाडी बंद पडेल किंवा मरायला टेकेल. चालू इंजिनवर हाताने वायरी ओढू नकोस, या जुन्या पॉइंटवाल्या सिस्टिममध्येही पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात. प्लग काढून बघितलेस तरी कळेल, दोन आणि तीन काळे, पेट्रोलने ओले, एक आणि चार कोरडे तपकिरी.

मग कॅपवरच्या दोन आणि तीनच्या वायरी बदल, झालं. पण नुसतं बदलून सोडू नकोस, मुळापासून एकदा बघून घे, पुढे कोणी वायरी काढल्या तरी तुला कळायला पाहिजे. सगळे प्लग काढ, इग्निशन बंद, चौथ्या गियरला टाकून कोणालातरी गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांग आणि तू एक नंबरच्या भोकावर अंगठा धर. हवा अंगठा जोरात उचलायला लागली की ते कॉम्प्रेशन, पिस्टन अगदी वर आला की थांबव. कॅप उघड, रोटर कॅपच्या ज्या टॉवरकडे (वायर बसते त्या नळीकडे) तोंड करून असेल तो एक नंबर, त्याच्यावर रंगाचा ठिपका दे. अजून थोडी ढकलायला सांग, रोटर कुठे वळतो ते डोळ्यांनी बघ आणि त्या बाजूला कॅपवर बाण काढून ठेव. फोनवर कोणी सांगितलेली दिशा धरून चालू नकोस, मी सांगितली तरी.

अजून एक. फोटोत चारही वायरी केबल टायने एकत्र घट्ट आवळलेल्या दिसतायत. दिसायला छान आहे, पण सोड ते. जुन्या वायरींचं इन्सुलेशन कमजोर झालेलं असतं, लांबपर्यंत चिकटून गेल्या की एकीतला करंट दुसरीत उठतो, आणि 3 नंतर लगेच 4, 2 नंतर लगेच 1 असे शेजारी ओळीने पेटणारे असले की भलत्या वेळी स्पार्क पडायची भीती जास्त. बोटभर अंतर ठेव, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर आडव्या ओलांडू दे. प्रत्येक वायर टॉवरमध्ये शेवटपर्यंत बसलीय ना ते दाबून बघ, आणि रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनकडे बघ, निळ्या ठिणग्या दिसल्या तर वायरी नवीन घे, त्याचे पैसे मात्र खुशाल खर्च कर.

मला या गाडीची एवढी काळजी का ते तुला माहितीय. कुर्ल्याला बनलेली, अर्ध्या मुंबईने जिच्यातून प्रवास केला, तिची शेवटची टॅक्सी 2003 साली रजिस्टर झालेली आणि 2023 च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. डेल्को कानाने सेट करणारे मिस्त्री आता शोधावे लागतात. काकांनी ती इतकी वर्षं सांभाळली, तुझ्याकडे ती नीट चालावी असं मला फार वाटतं.

तोपर्यंत गावात फिरवू नकोस. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. आताच डिपस्टिक काढून वास घे, पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल वर चढलेली दिसली तर वायरी नीट केल्यावर लगेच ऑइल बदल. आणि एवढं करूनही मिस करत राहिली तर कॅपच्या आतला स्वच्छ फोटो पाठव, टॉवरच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ आहे का ते मला बघायचंय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शिऱ्या